एका रेघेसाठी

माझं काम चादरी तपासायचं.
खाली ट्यूब, वर काच, काचेवर कापड.
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात तेवीस वर्षं.
सुटलेला धागा, तेलाचा डाग, गाठ,
बोट आधी थांबतं, डोळा मागून येतो.

आणि अंबिकेच्या गालांवर
नाकावरून इकडून तिकडे
लाली पसरली,
तर मी म्हणालो, ऊन लागलं असेल.
सोलापुरात ऊन कुणाला लागत नाही?

बोल्लीकाकू म्हणाल्या, वांग आहे.
तिच्या आईनं कडकी म्हणून
सब्जा पाठवला कागदाच्या पुडीतून.
मेडिकलवाल्या पोरानं ट्यूब दिली.
आठ दिवस गाल गप्प बसले,
मग दुप्पट बोलले.

सकाळी बोटं वळायची नाहीत तिची.
विडीची बोटं, दुखणारच,
म्हणून ते कुणी मोजलं नाही.
हजाराच्या जागी सहाशे विड्या व्हायला लागल्या
ते मुकादमानं मोजलं.
केस गळायचे, ते उजनीच्या पाण्यावर ढकललं.
संध्याकाळी पाय सुजायचे,
ते मांडी घालून बसण्यावर.
प्रत्येक दुखण्याला वेगळी खुंटी होती आमच्या घरात.

सिव्हिलच्या बाकावर माझ्या शेजारी
एक रिक्षावाला, मानेवर काळी मखमल.
आई वजरीनं घासायची म्हणे, मळ समजून.
आत जाऊन आला,
हातात रक्तातल्या साखरेची चिठ्ठी.
‘मी मान दाखवायला आलतो की,’
मलाच म्हणाला, जणू चिठ्ठी मी लिहिली.
पलीकडे एक रिटायर पोस्टमन,
अंगावर साधा पुरळ नाही, रात्रभर नुसती खाज.
त्याला पोटाची सोनोग्राफी.
मला वाटलं, या बाई चुकीच्या खोलीत बसल्यात.

आमचा नंबर आला.
गाल बघितले, फार वेळ नाही.
मग नखं. मग बोटांचे सांधे दाबून.
मग तोंड उघडायला लावलं.
टाळूवर एक जखम होती, न दुखणारी,
आम्हा दोघांनाही ठाऊक नसलेली.
मग विचारलं,
‘लघवीला फेस येतो का?’

अंबिकेनं माझ्याकडं बघितलं.
मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं.
‘येतो,’ ती म्हणाली. ‘कधीचा.’

कधीचा.

कापडावर दर नऊ इंचांनी तीच रेघ येत असेल
तर दोष कापडाचा नसतो.
गुरप्पा जॉबरनं शिकवलेलं, पहिल्याच महिन्यात,
टाळूवर टपली मारून,
‘रेघ काय पुसत बसलास बे? माग बघ.’
मागाच्या पोटात, जिथं हात पोचत नाही,
एखाद्या गिअरचा दात तुटलेला असतो.
हे मला माहीत होतं.
तेवीस वर्षं माहीत होतं.

लुपस, म्हणाल्या डॉक्टर.
कागदावर लिहून दिलं, किडनीवाल्यांकडं पाठवलं.
मी विचारलं, कातडीचाच आजार ना?
‘कातडीनं आधी कळवलं, एवढंच,’
आणि घंटी वाजवली.

आता ती कोरोनात गाजलेली गोळी
आणि दुसऱ्या तीन, डब्यात वारांप्रमाणे.
डिसेंबरातही छत्री उघडून
विड्या द्यायला जाते, घरकुलाची पोरं हसतात.
मोरीतून बाहेर येताना
कधी नुसती मान हलवते. आज कमी.
कधी हलवत नाही.
मी चहा गाळत राहतो.

काल काचेवर एक मोराची चादर आली,
बारीक रेघ, केसाएवढी, नऊ इंचांनी पुन्हा.
सेकंडच्या गठ्ठ्यात टाकून चालली असती.
मी उठलो, मागांच्या आवाजात शिरलो,
अकरा नंबर बंद करायला सांगितला.
नवा जॉबर तापला,
‘एका रेघेसाठी? सगळा माग खोलायचा?’

हो, म्हटलं.
खोल.